पूर्वतयारीची तेवीस कलमं

श्रीरंग टिपणीस गावाला जायचे असले की आठ दिवस आधी बूट पॉलिश करून ठेवत, आणि ते खराब होऊ नयेत म्हणून मधले आठ दिवस रबरी सपाता घालून ऑफिसला जात. सपाता फटफटवत सेक्शनमध्ये शिरणाऱ्या माणसाला सरकारी दिल्लीत काय मान मिळतो हे सांगायला नको. पण टिपणिसांना मानापेक्षा पूर्वतयारी मोठी वाटायची. सत्तावीस वर्षं केंद्र सरकारच्या एका खात्यात नोकरी करून, त्यांतली शेवटची पंधरा युनिक्स प्रणालीवर चालणारी कॉम्प्युटरची यंत्रं सांभाळून, त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली, तेव्हा निरोपाच्या भाषणात साहेब म्हणाले, "टिपणीस जी ने कभी कोई काम बिना तैयारी के नहीं किया." मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "काम भी कभी नहीं किया." टिपणिसांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं. घरी येऊन मात्र ते दोन दिवस जेवताना बोलले नाहीत.

निवृत्तीनंतर ते आणि त्यांच्या पत्नी प्रभाताई सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर सोडून गाझियाबादला स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. तिसरा मजला, लिफ्ट नाही, वीज तिच्या मर्जीनं. ही दोन हजार तीन-चार सालची गोष्ट आहे. त्या भागात तेव्हा एकशे चाळीस मराठी कुटुंबं होती आणि त्यांचं एक मंडळ होतं. मंडळ गणपती बसवायचं आणि कोजागिरीला दूध आटवायचं, हे दर वर्षीच्या अहवालात छापलेलं असे. मंडळाचं तिसरं काम अहवालात कधी छापलं जात नसे. ते होतं मयतीचं.

परक्या मुलखात घरातलं माणूस गेलं की पहिल्या तासाभरात काय करायचं हे कुणालाच सुचत नाही. अशा वेळी फोन जायचा तो भाऊसाहेब निमकरांना. भाऊसाहेब अडुसष्ट साली एका कारखान्यात लेबर ऑफिसर म्हणून इकडे आले आणि इकडचेच झाले. आता ते ऐंशीच्या घरात होते. पस्तीस वर्षांत त्यांनी दोनशेहून जास्त माणसं हिंडन नदीच्या घाटावर पोचवली होती, आणि त्या कामाची सगळी माहिती त्यांच्या डोक्यात होती. कागदावर एक अक्षर नव्हतं. कोणत्या घराला कुठले गुरुजी चालतात. गायकवाडांकडे गुरुजी नकोत, चर्चचे फादर हवेत, आणि ते कुठे सापडतील. साळव्यांच्या घरी बुद्धवंदना म्हणायला मानेसरहून कोण येतं, आणि त्याला कारखान्यातून सुटी मिळावी म्हणून कुणाला फोन करायचा, हे सगळं त्यांना ठाऊक होतं. कुणाच्या भावाचं कुणाशी बोलणं नाही, म्हणून त्या दोघांना शेजारी शेजारी खांदा द्यायला लावायचं नाही, हेही. दत्तात्रय हट्टंगडींना बर्फ आणायला पिटाळायचं, कारण ते रडणाऱ्यांत बसले की शांत झालेले पाच जण पुन्हा रडायला लागतात. भालचंद्र पेठे तिरडी उत्तम बांधतात, पण त्यांना आधी चहा लागतो. असलं ज्ञान कुठल्या शाळेत मिळत नाही.

त्या वर्षीच्या दिवाळीनंतर मात्र घोटाळा झाला. राजनगरला अविनाश आरोळकर गेले आणि भाऊसाहेबांनी शववाहिका पाठवली कविनगरला, सूर्यकांत आरोळकरांच्या दारात. सूर्यकांतराव बाल्कनीत दाढी करत होते. त्यांनी खाली थांबलेली गाडी पाहिली, गाडीतून उतरलेल्या चार ओळखीच्या माणसांचे पडलेले चेहरे पाहिले, आणि अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून "अगं, तू आहेस ना?" असं ओरडत ते स्वयंपाकघरात धावले. बायको पोहे परतत होती. चौघांनी खाली मान घालून क्षमा मागितली, पोहे खाल्ले आणि मग ते राजनगरला गेले. तिथे घरचे तीन तास वाट बघत बसले होते.

पुढच्याच रविवारी मंडळाची सभा झाली. सेक्रेटरी विजयालक्ष्मी मुजुमदार या शाळेत शिकवणाऱ्या, स्पष्ट बोलणाऱ्या बाई. त्या म्हणाल्या, "भाऊसाहेब विसरायला लागलेत. कुणाला वाईट वाटो, पण खरं ते खरं. त्यांना आठवतंय तोवर सगळं उतरवून घ्यायला हवं. एकदा गेलं की ते कुणाकडूनही मिळणार नाही."

"दोनशे पानी वही आणा," प्रभाताई म्हणाल्या. "मी बसते रोज दुपारी त्यांच्याकडे."

हे प्रकरण इथेच, एका वहीत, संपायचं. पण टिपणीस उभे राहिले. त्यांनी सभेला सांगितलं की वही एका वेळी एकाच माणसाच्या हातात असते, तिला वाळवी लागते, आणि तिच्यात नाव शोधायला मयताच्या दिवशी कुणाला वेळ नसतो. यासाठी डेटाबेस हवा, आणि तो युनिक्सवरच हवा, कारण बाकी सगळी खेळणी आहेत. हे शब्द कुणालाच कळले नसल्यामुळे सगळ्यांनी माना हलवल्या. काम एकमतानं टिपणिसांकडे आलं. त्यांनी एकच अट घातली: यंत्रणा तयार होईपर्यंत भाऊसाहेबांकडून कुणी काही लिहून घ्यायचं नाही. त्यांच्या खात्यात एकदा नमुना ठरायच्या आधीच माहिती गोळा केली होती. कारकुनांनी नाव आणि आडनाव एकाच चौकटीत लिहिलं, अकरा हजार फॉर्म पुन्हा भरावे लागले, आणि फाइलवर शेरा बसला तो टिपणिसांच्या नावानं. तेव्हापासून आधी यंत्रणा आणि मग माहिती, हा त्यांचा धर्म झाला होता.

यंत्र मिळालं ते एका ऑफिसनं मोडीत काढलेलं. फ्रिजएवढं उंच, रंगानं मळखाऊ. ते जिन्यात वळेना म्हणून हमालांनी त्याला पांढऱ्या चादरीत गुंडाळून आडवं केलं, दोन बांबू बांधले आणि चौघांनी खांद्यावर घेतलं. पहिल्या मजल्यावरच्या वर्माबाईंनी दार उघडलं, डोक्यावर पदर ओढला आणि हात जोडले. टिपणीस मागून सपाता घालून येत होते, त्यामुळे देखावा अगदी पुरा झाला. तिसऱ्या मजल्यावर शेजारचे त्यागीजी दारात उभेच होते.

"टिपणीस साहब, इतना बड़ा! इसमें क्या रखोगे?"

"एक सौ चालीस परिवारों की जानकारी."

"बस? वो तो मेरी मिसेस को मुँहज़बानी याद है. आपकी भी."

टिपणिसांनी दार लावून घेतलं आणि पुस्तक उघडलं. डेटाबेसच्या सॉफ्टवेअरबरोबर आलेल्या त्या पुस्तकात पहिलं प्रकरण प्रस्तावनेचं होतं. तिसरं प्रकरण प्रत्यक्ष सॉफ्टवेअर चढवण्याचं, ते साडेतीन पानांत आटोपलं होतं. दुसरं प्रकरण 'चढवण्यापूर्वी करायची तयारी' या नावाचं, चौसष्ट पानांचं, तेवीस कलमांचं. सामान्य माणूस ते चाळून तिसऱ्याकडे वळतो. टिपणिसांचे डोळे मात्र भरून आले. एवढ्या वर्षांत कुणीतरी आपल्यासारखा विचार करणारा भेटला, असं त्यांना वाटलं. त्यांनी तेवीस कलमं मोठ्या अक्षरांत लिहून काढली, प्रत्येकापुढे टिकमार्कसाठी चौकोन आखला, आणि तो कागद देवघराशेजारच्या भिंतीवर चिकटवला.

पहिल्या कलमात पुस्तकानं जेवढी मेमरी मागितली होती त्याच्या निम्मी यंत्रात होती. टिपणीस तीन दिवस दिल्लीत नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर-बाजारात दुकानं पालथी घालत होते. एका दुकानदारानं त्यांच्या हातातला नमुना उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, "अंकल, ये म्यूज़ियम में मिलेगा." टिपणिसांना 'म्यूज़ियम'पेक्षा 'अंकल' जास्त लागलं. शेवटी त्याच जातीच्या दुसऱ्या एका मेलेल्या यंत्राच्या पोटातून मेमरी मिळाली. मग कळलं की मेमरी दुप्पट झाली म्हणजे तिच्या हिशोबानं डिस्कवर राखून ठेवायची जागाही दुप्पट लागते, आणि त्यासाठी डिस्कचे सगळे भाग पुसून नव्याने पाडायला हवेत. असं करत करत डिसेंबर उजाडला, आणि भिंतीवर चार टिका झाल्या.

पाचव्या कलमात पाच वर्षांत नोंदी किती वाढतील याचा अंदाज मागितला होता. त्यासाठी टिपणीस भाऊसाहेबांकडे गेले. भाऊसाहेब धुतलेला सदरा घालून, खिशाला पेन लावून तयारच बसले होते. आपल्याकडून काही उतरवून घेणार आहेत हे त्यांना कळलं होतं, आणि गेले काही दिवस ते रोज दुपारी असेच तयार होऊन बसत.

"वाढ?" भाऊसाहेब म्हणाले. "अहो श्रीरंगराव, हे मयतीचं खातं आहे. वाढेल कसं? घटेल." आणि त्यांनी बोटांवर, अगदी प्रेमानं, पुढच्या पाच वर्षांत कोण कोण जाईल ते मोजलं. दहाव्या बोटावर टिपणिसांचं नाव आलं. "तुमची तब्येत मला बरी वाटत नाही," ते म्हणाले. टिपणिसांनी कागदावर 'वाढ: उणे' असं लिहिलं.

"घ्या आता लिहून," भाऊसाहेब पुढे सरकले. "गुरुजींपासून धरू. जोशी गुरुजी साहिबाबादला, त्यांचा नंबर..."

टिपणिसांनी पेनाला टोपण घातलं. "आत्ता नको, भाऊसाहेब. यंत्र तयार नाही."

"तोंडी सांगतो, तुम्ही नंतर घाला."

"तसं नसतं. आधी चौकटी ठरतात, मग माहिती."

भाऊसाहेबांनी जन्म कारखान्याच्या ऑफिसात काढलेला. फॉर्म आल्याशिवाय काही होत नाही हे त्यांना कळत होतं. ते मागे टेकले. टिपणीस निघाले तेव्हा कुमुदकाकू, म्हणजे भाऊसाहेबांच्या पत्नी, दारापर्यंत आल्या. "आज सांगतायत तर घ्या ना हो लिहून. काल यांना दूधवाल्याचं नाव आठवेना."

"दूधवाला यादीत नाही काकू," टिपणीस म्हणाले. आपण काय बोललो हे त्यांना जिना उतरताना कळलं. पण पुन्हा वर जायला त्यांना लाज वाटली.

सहावं आणि सातवं कलम हे युनिक्सच्या गाभ्याचं होतं. त्या गाभ्यात काही आकडे बदलायचे असतात: कितीजणांनी मिळून किती मेमरी वापरायची, आणि दोघांनी एकाच नोंदीला एकदम हात घालू नये म्हणून किती पहारेकरी ठेवायचे. पुस्तक म्हणत होतं, शंभर पहारेकरी ठेवा. मंडळाचं यंत्र एकटे टिपणीस वापरणार होते. तरीही त्यांनी शंभर ठेवले. आकडा बदलला की गाभा पुन्हा बांधायचा, आणि बांधणी चालू असताना वीज जाता कामा नये. गाझियाबादच्या विजेला हे कलम माहीत नव्हतं. गाभा अर्धा बांधून झाला आणि सगळ्या गल्लीत अंधार झाला. वीज आली तेव्हा यंत्र 'मी कोण' हेसुद्धा विसरलं होतं. ते जुन्या टेपवरून पुन्हा शुद्धीवर आणायला टिपणिसांना दहा दिवस लागले.

त्यागीजींनी सल्ला दिला की त्यांच्या इन्व्हर्टरची तार घ्या. तार बाल्कनीतून बाल्कनीत गेली. सोसायटीच्या सेक्रेटरीनं नोटीस दिली की सामायिक हवेतून तार नेण्याला परवानगी लागते. परवानगीच्या अर्जावर तारेचा उद्देश लिहायचा होता. टिपणिसांनी खरं तेच लिहिलं: 'मृत्यूच्या पूर्वतयारीसाठी.' सोसायटीच्या सभेत हा अर्ज वाचल्यावर दोन शेजाऱ्यांनी प्रभाताईंना बाजूला घेऊन विचारलं की साहेबांना नेमकं काय झालंय आणि किती दिवस आहेत. वर्माबाई तर रोज गाजराचा हलवा पाठवू लागल्या. तो टिपणिसांनी न बोलता खाल्ला.

जानेवारीत यंत्राला नाव देण्याचं कलम आलं. नाव एकदा ठरलं की सॉफ्टवेअर चढल्यावर बदलणं कठीण, असं पुस्तकात बजावलेलं होतं, म्हणून हा प्रश्न त्यांनी मंडळाच्या कार्यकारिणीसमोर ठेवला. जास्तीत जास्त आठ इंग्रजी अक्षरं, मध्ये जागा नाही. पुणेकरांनी 'शनिवार' सुचवलं. नागपूरकर म्हणाले, पुण्याचा वार कशाला. हेमलता चित्रे म्हणाल्या की ज्या यंत्रात मयतीची नावं जाणार त्याला देवाचं नाव नको आणि माणसाचंही नको. दीड तासानं 'स्नेह' ठरलं. मग यंत्रात कुणी काय वाचायचं आणि कुणी काय बदलायचं हे कलम निघालं. तिथे बायकांनी एकजुटीनं सांगितलं की वयाचा रकाना कुणालाही वाचता येता कामा नये. "मग मयताच्या दिवशी दाखल्यावर वय काय लिहायचं?" टिपणिसांनी विचारलं. "तेव्हा वाचा की," हेमलताबाई म्हणाल्या, "तेव्हा आम्ही कुठे असणार आहोत?"

भाऊसाहेब त्या सभेला आले होते. शेवटी विजयालक्ष्मीबाईंनी त्यांना त्यांचं मत विचारलं.

"मला सगळं मान्य आहे," ते म्हणाले. "फक्त एकदा वाघमाऱ्यांना विचारा. ते आज आले नाहीत वाटतं."

वाघमाऱ्यांना अकरा वर्षांपूर्वी भाऊसाहेबांनीच घाटावर नेलं होतं. विजयालक्ष्मीबाईंनी टिपणिसांकडे पाहिलं. टिपणिसांनी वहीत यंत्राचं नाव लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या.

मार्चमध्ये ते पुन्हा निमकरांकडे गेले तेव्हा भाऊसाहेबांनी दार उघडून त्यांना "ये सदानंद" म्हटलं. सदानंद हा त्यांचा धाकटा भाऊ, लहानपणीच गेलेला. थोड्या वेळानं त्यांना टिपणीस आठवले, आणि चूक झाली म्हणून ते इतके ओशाळले की त्यांनी स्वतःच्या हातानं खुर्ची पुसून दिली. कुमुदकाकूंनी टिपणिसांना स्वयंपाकघरात बोलावलं.

"मीच लिहिलं असतं हो," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पण एक तर माझे डोळे हे असे. आणि मला ते सांगतच नाहीत. म्हणतात, ही बोलणी आपल्या घरात, बायकोपाशी करायची नसतात, अशुभ असतं. पस्तीस वर्षं घाटावरून आले की बाहेरच आंघोळ करून घरात यायचे, आणि कुठे गेलो होतो ते बोलायचे नाहीत. कामासाठी आलेल्या माणसाला तेवढं सांगतील. तुम्हाला सांगतील. अजून सकाळचे दोनतीन तास चांगले असतात. बिल्कुल पहिल्यासारखे."

टिपणिसांना गलबलून आलं. त्यांचा हात खिशातल्या पेनाकडे गेलासुद्धा. मग त्यांना भिंतीवरचा कागद आठवला. एकवीस टिका झाल्या होत्या. दोन कलमांसाठी आता तत्त्व मोडायचं, अकरा हजार फॉर्मची गोष्ट पुन्हा करायची, हे त्यांच्यानं होईना. "पंधरा दिवस, काकू. फक्त पंधरा दिवस," ते म्हणाले.

घरी त्यांनी हे सांगितल्यावर प्रभाताई ताटावरून उठल्या. "उद्या मी वही घेऊन जाते."

"मग मी पाच महिने काय केलं?" टिपणीस म्हणाले. "लोक काय म्हणतील? की टिपणिसांनी तयारी केली आणि काम त्यांच्या बायकोनं वहीत केलं? जा. खुशाल जा."

प्रभाताई गेल्या नाहीत. नवऱ्याचा मान राखण्यासाठी बायका ज्या चुका करतात त्यांतली ही एक होती, आणि तिचं त्यांना पुढे नवऱ्याइतकंच वाईट वाटलं.

बाविसावं कलम दुरुस्त्यांचं होतं. युनिक्सला कंपनीनं वेळोवेळी जी ठिगळं दिलेली असतात ती सगळी लावलेली हवीत. ती इंटरनेटवरून उतरवायची. पण एक ठिगळ लावायला आधी दुसरं लागतं आणि दुसऱ्याला तिसरं, असं करत यादी एकतीस ठिगळांची झाली. घरातल्या फोनच्या तारेवरून ती मुंगीच्या पावलांनी येत, आणि एक उतरत असेपर्यंत फोन बंद. प्रभाताईंच्या माहेरच्यांनी दोघं आजारी आहेत असं धरून पत्र पाठवलं. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात शेवटचं, सगळ्यांत मोठं ठिगळ राहिलं. टिपणिसांनी ते बुधवारी सकाळी नऊला उतरवायला लावलं. ते झालं की तेविसावं कलम होतं पुन्हा सगळं तपासून पाहण्याचं, आणि मग शुक्रवारी भाऊसाहेबांकडे जायचं, असं त्यांनी कॅलेंडरवर लिहिलं.

अकराच्या सुमारास विजयालक्ष्मीबाई तीन जिने चढून धापा टाकत आल्या.

"दोन तास तुमचा फोन एंगेज आहे टिपणीस! शेवटी ऑटो करून आले. कुमुदकाकू गेल्या. सकाळी देवपूजा करताना. डॉक्टर येऊन गेले."

टिपणीस उभे राहिले. फोनची तार काढण्यापूर्वी त्यांनी एकदा पडद्याकडे पाहिलं. चौसष्ट टक्के झालं होतं. पाहिलं ते क्षणभरच, पण तेवढ्यात ते प्रभाताईंनी पाहिलं. त्यांनीच पुढे होऊन तार उपटली.

निमकरांकडे पोचल्यावर कळलं की एकशे चाळीस घरांपैकी विजयालक्ष्मीबाईंकडे अकराच घरांचे नंबर होते. त्यांतली सहा माणसं ऑफिसात. भालचंद्र पेठे कुठे राहतात हे कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं. वसुंधरा कॉलनीत राहतात एवढं माहीत होतं. हट्टंगडी आपणहून आले आणि बसून रडायला लागले, त्यांच्याबरोबर दोन शेजारणीही. त्यांना बर्फ आणायला पाठवायचं असतं हे त्या गडबडीत कुणाला आठवलं नाही. निमकरांच्या पुण्यातल्या मुलीचा, पद्मजाचा, नंबर तेवढा भिंतीवरच्या कॅलेंडरवर कुमुदकाकूंच्या मोठ्या, वाकड्या अक्षरांत लिहिलेला सापडला. ती रात्रीच्या विमानानं येईन म्हणाली.

कुमुदकाकूंना बाहेरच्या खोलीत चटईवर ठेवलं होतं. आणि भाऊसाहेब? धुतलेला सदरा, खिशाला पेन, ताठ उभे.

"श्रीरंगराव, आलात? बरं झालं. दोन माणसं खाली कोपऱ्यावर उभी करा, गाडी या गल्लीत वळत नाही, त्यांना आधीच थांबवावं लागतं. डॉक्टरांचा दाखला कुणाकडे आहे? त्याच्या दोन झेरॉक्स काढा, घाटावर एक ठेवून घेतात. बायकांना आतल्या खोलीत बसवा आणि पंखा बंद करा, दिवा विझेल."

सगळं बरोबर होतं. नाव बरोबर, क्रम बरोबर, आवाज पूर्वीचा. कुमुदकाकू म्हणाल्या होत्या ते सकाळचे चांगले तास हेच असणार. टिपणीस पुढे सरसावले. त्यांनी खिशातून मिळेल तो कागद काढला आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा, चौकटीबिकटी काही न पाहता, पेनाचं टोपण उघडलं.

"भाऊसाहेब, गुरुजींचा नंबर सांगा."

भाऊसाहेबांनी सात आकडे खडाखडा सांगितले. टिपणिसांनी लिहून घेतले आणि तिथल्याच फोनवरून ते फिरवले. एंगेज. पुन्हा फिरवले. एंगेज. "गुरुजी बोलत असतील, थांबा थोडं," भाऊसाहेब म्हणाले. तिसऱ्यांदा फिरवताना टिपणिसांचं लक्ष फोनच्या तबकडीवर गेलं. काचेखाली एक चिठ्ठी होती, घरोघरी असते तशी, त्या घराचा स्वतःचा नंबर लिहिलेली. हातातल्या कागदावर तेच सात आकडे होते.

त्यांनी रिसीव्हर जागेवर ठेवला. त्यांना रडू आलं, आणि ते त्यांनी लपवलं नाही.

"तुम्ही घरचे आहात का?" भाऊसाहेबांनी मऊ आवाजात विचारलं.

"नाही."

"मग सावरा. आपण कामाला आलोय." त्यांनी खोलीभर नजर फिरवली, नेहमी फिरवत तशी, एकेका चेहऱ्यावर थांबत. ती चटईवर आली आणि तशीच पुढे गेली. "या बाईंचे यजमान कुठे आहेत? हे बघा श्रीरंगराव, ज्याचं माणूस गेलंय त्याला कुणी काम सांगायचं नाही. त्याला तिच्याजवळ बसवायचं. बाकी सगळं मागाहून. लोक गडबडीत नेमकं हेच विसरतात."

विजयालक्ष्मीबाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. हट्टंगडींचं रडणंसुद्धा थांबलं.

"तुम्ही बसा, भाऊसाहेब," टिपणीस म्हणाले.

"मी बसून कसं चालेल? कामं आहेत."

"कामं मी करतो."

"तुम्हाला जमतील?"

"नाही जमणार," टिपणीस म्हणाले. "पण करतो. तुम्ही बसा."

भाऊसाहेबांनी दाराकडे पाहिलं, जिन्याकडे पाहिलं. कुणी येत नव्हतं. मग त्यांनी खिशातलं पेन काढून टिपणिसांच्या हातात दिलं, गुडघ्यावर हात टेकवत सावकाश खाली वाकले, आणि कुमुदकाकूंच्या उशाशी मांडी घालून बसले.

"बरं," ते म्हणाले. "ते येईपर्यंत बसतो मी. एकटं नाही ठेवायचं हो बाईंना."